बाबांचा आवाज आत्यापर्यंत

आत्याने डोळ्याच्या ऑपरेशनला नाही म्हटलं आणि कारण दिलं ते माझ्या बाबांचं. "लहान्याले लकवा झाला," ती म्हणाली. "तोंड वाकडं झालं त्याचं. तुम्ही समदे मिळून लपवून रायले."

लहान्या म्हणजे माझे बाबा. वय चौऱ्याहत्तर. त्या दिवशी सकाळीच खडकी बाजारातून दोन पिशव्या भाजी घेऊन चालत आले होते आणि तोंड अगदी जागच्या जागी होतं. आत्या त्यांची थोरली बहीण, ऐंशी ओलांडलेली. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या मूळ गावी ती एकटी राहते. मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, अमरावतीला नोकरी करतो आणि रविवारी गावी जातो.

आत्याचा डावा डोळा काचबिंदूने कधीच गेलाय. उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू इतका पिकला होता की तिला दारात उभा राहिलेला माणूस आवाजावरून ओळखावा लागे. आता थांबू नका, नाहीतर हाही डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शुक्रवारची तारीख ठरली. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालेलं, म्हणून आत्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "लहान्या सांगल तसं करू." डॉक्टर, मुलगा, सून यांच्यापैकी कुणाच्या सांगण्याला तिच्या लेखी किंमत नव्हती.

आणि नेमका लहान्याचाच आवाज तिला ऐकू येईना.

आत्याच्या गावात मोबाईलला रेंज अशी येत नाही. तिच्या घराच्या भिंती हातभर जाड, आत तर एक काडीही दिसत नाही. पण शेजारच्या बाईंकडे वायफाय आहे. त्या शाळेत शिकवतात. त्यांनी स्वतःहून पासवर्ड दिला आणि आत्याच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचावं म्हणून राउटर मधल्या भिंतीवर लावून घेतला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता बाबा आणि आत्या इंटरनेटवरून बोलतात. दोघांची आई लवकर गेली. बाबांना आत्याने वाढवलं, आयटीआयला पाठवलं, खडकीच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर गाडीत बसवून दिलं. मी पुण्यात जन्मले याला मुख्य कारण आत्या आहे. त्यामुळे सात वाजताच्या फोनमध्ये आमच्या घरी कुणी लुडबुड करत नाही.

दसऱ्यानंतर हा फोन बिघडला. बाबांना आत्या स्वच्छ ऐकू यायची, पण तिला बाबा ऐकू येत ते तोंडात रुमाल कोंबल्यासारखे. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "ताप आला काय रे?" दुसऱ्या दिवशी, "दात काढले काय?" बाबा ओरडून ओरडून सांगत, काही झालं नाही, नेट खराब आहे. ओरडलेलं तर आणखीच फाटकं ऐकू जाई. रविवारी आतेभावाने व्हिडिओ लावला, बाबांचा चेहरा पाहिला आणि आईला सांगितलं, "मामाचं तोंड सरळ आहे." आत्या म्हणाली, "तूही त्यायच्यातलाच." तिला स्वतःला दिसत नव्हतं, त्यामुळे पुरावा काही उरला नाही. मग तिने अट घातली. "मले आधी पुण्याले न्या. त्याच्या तोंडावरून हात फिरवून पाहीन, मंग डोळ्याचं पाहू."

ऐंशीच्या बाईला अमरावतीहून पुण्याला आणून परत नेईपर्यंत तारीख गेली असती आणि पुढची दिवाळीनंतरच मिळणार होती. तोवर डोळ्याचं काय होईल हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते.

माझ्या कानावर हे सगळं उशिरा आलं. मी हडपसरला राहते, बाबा खडकीत. मी त्यांच्याशी रोज सकाळी घरच्या जुन्या लँडलाइनवर बोलते आणि त्यावर त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत. सोमवारी आणि मंगळवारी मी हडपसरहूनच डॉक्टरकी केली. "बाबा, राउटरचं बटण बंद करून दहापर्यंत मोजा." त्यांनी मोजलं. नेट कंपनीच्या माणसाला मी फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो बिचारा येऊन वायर बदलून गेला. मंगळवारी संध्याकाळी आत्याने लकव्याचा निकाल कायम ठेवला आणि ऑपरेशनला नाही म्हटलं.

बुधवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि स्कूटर काढली. गुरुवारी दुपारी आतेभाऊ आईला घेऊन अमरावतीला निघणार होता, किंवा तारीख रद्द करणार होता. हातात एकच संध्याकाळ होती.

पोचल्या पोचल्या मी बाबांचा फोन ताब्यात घेतला. ॲप अपडेट केलं. बॅटरी वाचवणारं सेटिंग बंद केलं. कॉलला कमी डेटा वापरायचं सेटिंग मीच कधीतरी चालू करून ठेवलेलं सापडलं, तेव्हा चोर मिळाला अशी माझी खात्रीच झाली. तेही बंद केलं. ब्लूटूथ बंद, मायक्रोफोनची परवानगी काढून परत दिली, फोन बंद करून चालू केला. मग घरी नवऱ्याला कॉल लावला. तो त्या दिवशी घरून काम करत होता. माझा नवरा सदाशिव पेठेत वाढलेला आहे, हे इथे सांगून ठेवते.

"बाबा, बोला," मी म्हटलं.

बाबा बोलले.

"बाबा कुठे आहेत?" नवऱ्याने विचारलं. "खडकीत की खडकवासल्याच्या भिंतीपलीकडे, पाण्याखाली?"

मी पुन्हा सेटिंगात शिरले. ॲप काढून टाकून नव्याने घ्यावं म्हणून बोट ठेवलं, तेवढ्यात बाबांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"समजा, आता आवाज नीट आला असता," ते म्हणाले. "कशामुळे नीट झाला ते तुला सांगता आलं असतं का?"

"नीट झाला असता ना. मग बास."

"तुमच्या कंपनीत असंच चालतं का?"

हे वर्मी लागलं. मी गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी करते, गेली बावीस वर्षं. चार गोष्टी एकदम बदलून 'दोष दूर झाला' असं कुणी लिहून आणलं तर मी तो कागद परत पाठवते. बाबा कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे-अवजारं बनवणाऱ्या विभागात, होते. तपासायचं कसं हे मी शिकले ते त्यांच्याच हाताखाली, आईचं शिलाई मशीन उघडून बसायचो तेव्हा.

त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून टेबलावर पसरलं, पेन्सिल घेतली. "एका वेळी एकच बदल. बाकी सगळं तसंच. जावईबापूंना सांग, हलू नका."

"मला ऐकू येतंय," पलीकडून आवाज आला. "मी हललेलो नाही. एक मीटिंग हलवली आहे."

पहिल्यांदा बाबांचा फोन बाजूला ठेवला. त्याच खुर्चीत, त्याच वायफायवर, बाबा माझ्या फोनवरून बोलले. नवरा म्हणाला, "स्वच्छ. हे खरंच बाबा आहेत." बाबांनी कागदावर लिहिलं, नेट बरोबर. मी त्या वायर बदलणाऱ्या माणसाची मनातल्या मनात माफी मागितली. मग बाबांचा फोन, पण वायफायऐवजी सिमच्या नेटवर. परत पाण्याखाली. मग बाबांचाच फोन, वायफायवर, पण माझ्या पर्समधला वायरवाला इअरफोन जोडून. त्या वायरला स्वतःचा छोटा माईक असतो.

"आता आले वर," नवरा म्हणाला.

मी आणि बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. फोनचा माईक. एवढंच. तीन दिवस मी ज्याच्या त्याच्यावर डाफरत होते आणि बिघाड निघाला मोहरीएवढ्या भोकात.

बाबांनी खिडकीशी जाऊन डोळ्याला भिंग लावलं. फोनच्या खालच्या कडेला चार्जरच्या खाचेजवळ जे बारीक भोक असतं ते पाहिलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. मी पाहिलं. भोक लालभडक होतं. काठोकाठ कुंकू.

खंडेनवमीला बाबा अवजारांची पूजा करतात. कारखान्यात असताना मशीनची करत, निवृत्त झाल्यापासून घरच्या पाटावर मांडतात. मापं घ्यायचे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, कानस, हातोडी, आईचं शिलाई मशीन. प्रत्येकाला हळद-कुंकू, झेंडूचं फूल. दोन वर्षांपासून पाटावर फोनही असतो. रोज हातात धरतो ते अवजार, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात मला चूक काढता आलेली नाही.

"पण खाली कशाला लावलंत?" मी विचारलं. "समोर काचेवर लावायचं, पुसून टाकता आलं असतं."

"गेल्या वर्षी काचेवर लावलं होतं. तू आल्या आल्या ओरडलीस. स्क्रीन खराब होते म्हणालीस."

ओरडले होते खरी.

"म्हणून या वर्षी कडेला लावलं," बाबा म्हणाले. "पाण्यात कालवून. सुकं टिकत नाही."

फोनच्या पलीकडे नवरा अजून होताच. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "म्हणजे दोष कुणाचा लिहायचा कागदावर?"

इअरफोन लावून सातचा फोन करता आला असता, हे मी बोलून दाखवलं. पण बिघाड सापडल्यावर तो तसाच ठेवून पुढे जाणं बाबांना जमत नाही. ते उठून सुई घेऊन आले. सुई मात्र मी हिसकावून घेतली, कारण भोकाच्या आत नाजूक पडदा असतो आणि त्याला टोक लागलं की खेळ संपला. मऊ दातांचा नवा टूथब्रश काढला, कोरडाच. भोक खाली धरायचं आणि हलक्या हाताने झाडायचं, म्हणजे सुटलेली पूड आत न जाता खाली पडते. मध्ये मध्ये चिकटपट्टीचा तुकडा दाबून ओढायचा. फुंकर मारायची नाही. बाबांनी दोनदा मारायला तोंड केलं, दोनदा मी हात आडवा धरला.

पाण्यात कालवून वाळलेलं कुंकू किती घट्ट बसतं ते त्या दिवशी कळलं. पाऊण तास गेला. दर पाच मिनिटांनी बाबा फोनमध्ये आवाज भरत, "एक, दोन, तीन, खडकी," आणि आम्ही तो ऐकत असू. प्रत्येक वेळी खडकी थोडी जवळ येत होती. कॅलेंडरच्या पानावर लाल पूड साठली. बाबांनी ती फुंकून न देता पुडीत बांधून ठेवली. देवाची म्हणून असेल, किंवा पुरावा म्हणून. मी विचारलं नाही.

शेवटी नवऱ्याला कॉल लावला. त्याने नीट ऐकून घेतलं. "उत्तम. मी आता जेवलो तर चालेल का? मी दुपारचं म्हणतोय."

सातला पाच कमी असताना बाबांनी शर्ट बदलला. व्हिडिओ नव्हता तरी. मग आत्याला कॉल लावला. पलीकडे आतेभाऊ येऊन बसलेलाच होता, त्याने उचलला आणि फोन आईच्या हातात दिला.

"कोन?" आत्या म्हणाली.

"मी, बाई." थोरल्या बहिणीला ते बाई म्हणतात.

मग ती म्हणाली, "शिट्टी वाजव."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. गावात एकाला लकवा झाला होता, त्याला शिट्टी वाजवता येत नसे, हे आत्याने पाहिलेलं. आणि बाबा लहानपणी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शिट्टी घालून तिला हाक मारायचे. बाबांनी ओठ ओले केले आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी अशी शिट्टी घातली की मी कानावर हात ठेवला. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

"वाजव ना," आत्या म्हणाली.

"वाजवली ना!"

"नाई वाजली. आमाले कोनालेच नाई आयकू आली. पाह्य, मी सांगत होती ना. येत नाई त्याले."

मला कळलं काय झालं ते. या ॲपना माणसाचा आवाज तेवढा ठेवून बाकीचा गोंगाट गाळून टाकायची सवय असते. पंखा, कुकर, रस्त्यावरचे हॉर्न. बाबांची शिट्टी त्याने कुकरची समजून गाळली. हे आत्याला आता कोण समजावणार होतं?

बाबांनी मला हाताने थांबवलं. ते खुर्चीत टेकले. गेले आठ दिवस ते फोनमध्ये ओरडत होते, "काही होत नाही! दहा मिनिटांचं काम! घाबरू नको!" ओरडून तेवढंच सांगता येतं. आता ते नेहमीच्या आवाजात बोलायला लागले. बहिणीशी बोलताना त्यांची भाषा आपोआप गावची होते.

"बाई, शिट्टी जाऊ दे. आयक. ऑपरेशनच्या दिवशी मी लय भेलो होतो."

मी हे कधी ऐकलं नव्हतं. ऑपरेशन मीच करून आणलं होतं. मला ते म्हणाले होते, काही नाही, इंजेक्शन घेण्यासारखं आहे.

"तोंडावर फडकं टाकलं," बाबा म्हणाले. "खाली जीव गुदमरल्यावानी झाला. डॉक्टर म्हणे, हलू नका. माहे पाय लटलट करून रायले होते. मी हाक मारली."

"कोनाले?"

"तुले. दुसऱ्या कोनाले मारीन? डॉक्टर म्हणे, बाई कोण? म्हटलं, माही बहीण. तो म्हणे, मग बोला त्यांच्याशी मनात, मी काम करतो. मी बोलत रायलो. तेवढ्यात झालं."

"दुखलं?"

"नाई. दुखत नाई. भ्याव वाटते, तेवढंच."

मी कॉल तुटला का ते पाहिलं. तुटला नव्हता.

"त मले काहून नाई सांगतलं?" आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "समदे म्हणतात काई होत नाई, काई होत नाई. मले वाटलं मी एकटीच भित्री हाय."

"तू भेशील म्हणून नाई सांगतलं."

"मी भेलेलीच होती, लहान्या." मग तोंड फोनपासून वळवून ती मुलाला म्हणाली, "उद्या किती वाजता निघा लागते?"

गुरुवारी दुपारी ती निघाली. शुक्रवारी ऑपरेशन झालं आणि नीट झालं. मी कंपनीत होते, आतेभावाचा मेसेज आला. मी बाबांना लँडलाइनवर कळवायला गेले तर त्यांना आधीच कळलं होतं.

मला आभार मानायची फार सवय नाही. आमच्याकडे काम झालं की ताट वाढतात. पण त्या आठवड्यात मी एकेकाला सांगितलं. मीटिंग हलवून चार तास 'ऐकू येतंय', 'नाही येत' म्हणत बसणाऱ्या नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "लेखी दे." नेट कंपनीच्या माणसाला फोन करून माफी मागितली, तेव्हा तो इतका दचकला की पुन्हा काही बिघडलं का असं विचारू लागला. बाबांनाही सांगितलं. घाईघाईने मी ते ॲप काढून टाकत होते, फोन हातातून काढून घेतलात ते बरं केलंत. ते म्हणाले, "ठीक आहे. ब्रश नवीन आणून ठेव." आणि खरं सांगायचं तर त्या फोनच्या भोकाचीही मी ऋणी आहे. ते बुजलं नसतं तर बाबा रोज तेच तेच धीराचं बोलत राहिले असते आणि आत्या कदाचित भीतभीत 'हो' म्हणून गेली असती, किंवा गेलीच नसती. आपले बाबा टेबलावर पडून बहिणीला हाक मारतात, हे मला तरी कळलं नसतं.

ऑपरेशननंतर महिनाभर डोळ्यात थेंब टाकायचे असतात, सुरुवातीला दिवसातून सहा वेळा. बाबांनी लगेच टूलरूमच्या सुबक अक्षरात वेळापत्रक केलं, भिंतीवर लावलं आणि सहाही वेळा आत्याला फोन करायला लागले. सकाळी सात, साडेनऊ, बारा, असं. परवा दुपारी मी तिथेच होते.

"बाई, बाराचे टाकले काय?"

"टाकले."

"हात धुतले होते?"

"धुतले."

"बाटलीचं टोक डोळ्याले लावू नको. अन् टाकल्यावर पाच मिनिटं मिटून..."

"लहान्या," आत्या म्हणाली. "तुहा आवाज आता लय साफ येते. जरासा कमी बोलत जा."